रोहनच्या टँकवरचा तवंग

"भाऊ, पुन्हा आला ओ तो तवंग. मासे वरी तोंड काढून राह्यलेत. जल्दी या."

सुभाषकाकांचा फोन. मी जालन्यात फिशटँकचा मेंटेनन्स करतो. बहुतेक टँक गोड्या पाण्याचे, समुद्राच्या पाण्याचे मोजकेच. नळाला पाणी आलं की हातातलं काम टाकून घरी पळणाऱ्या गावात पाकिटातलं मीठ कालवून समुद्र बनवायचा, हा धंदा ऐकून माझे सासरे अजून हसतात.

हा खाऱ्या पाण्याचा टँक काकांच्या मुलाचा, रोहनचा. मीच त्याला उभा करून दिला होता. काका एमआयडीसीतल्या एका कंपनीत, रोहन तिथल्याच रोलिंग मिलमध्ये होता. दिवाळीच्या तोंडावर बाइकवरून शिफ्टला जाताना टेम्पोनं उडवलं. पोरगा जागीच गेला.

दहाव्याला मी त्यांच्या गावी, हसनाबादला गेलो होतो. कावळे नदीकाठच्या झाडावर बसलेले, पण पिंडाला शिवेनात. मामानं रोहनच्या बहिणीचं लग्न लावून द्यायचा शब्द दिला. आत्या म्हणाली, तुझ्या आईला अंतर देणार न्हाई. कावळा हलेना. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा काका हात जोडून पुढे झाले. "रोहन, तुझे मासे मी सांभाळतो." कावळा खाली उतरला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण अंगावर काटा आला होता हे कशाला लपवू.

तर असे हे मासे. दोन क्लाउनफिश, नारंगी अंगावर पांढरे पट्टे. ते मेले तर काकांचा शब्द मोडणार होता.

तवंग म्हणजे पाण्यावरची तेलकट साय. ती धरली की हवा पाण्यात मुरत नाही आणि मासे गुदमरतात. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी पाण्यावर टिश्यू पेपर पसरून तवंग टिपून घेतला. पॉवरहेडचं, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाचं तोंड वर केलं. पाण्याला लाटा आल्या की तवंग धरत नाही. आठवडाभरात तो परत आला. दुसऱ्यांदा पंप उघडून धुतला, अर्धं पाणी बदललं. फोडणीचा धूर इथवर येतो का, उदबत्ती कुठे लावता, सगळं विचारलं. काका-काकू दोघंही म्हणाले, तसं काही न्हाई. परत तवंग. आणि आता हा फोन.

मी पोचेपर्यंत मोठी मादी मेली होती. काका तिला वाटीत घेऊन बसले होते. एकच वाक्य बोलले, "मी कबूल केल्तं त्याला." मी गुपचूप पेपर पसरला आणि तवंग टिपत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, न कळवता गेलो. काका कंपनीत होते. दार उघडंच होतं. काकू टँकपाशी उभ्या होत्या. हातात ताट. वरणभाताचा तुपात कालवलेला छोटा घास त्या पाण्यात सोडत होत्या. मासा वर आला, तोंडात धरला आणि थुंकला.

"काकू, हे रोज?"

त्या दचकल्या. मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "त्याच्या वाटचा घास काढते मी. खिडकीत ठेवला तर कावळा येत न्हाई इथं. हे मासे बराबर येतात. त्याला बिनतुपाचा भात कधी गेला का, सांगा."

वाईट बातमी सांगायचा मला सराव आहे. मासे मरतातच, लोकांना सांगावंच लागतं. पण या बाईला, तुमच्या तुपानं मासा मेला, हे कसं सांगायचं? शेवटी म्हणालो, "काकू, तूप पाण्यावर तरंगतं. त्यानं त्यांचा श्वास कोंडतो."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "मंग ती मोठी माझ्यामुळंच गेली."

मी माशांच्या खाद्याची डबी त्यांच्या हातात दिली. "यातलं घाला, चिमूटभर. भाताचा घास गच्चीवर ठेवत जा."

"यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्या माणसानं नदीवर शब्द देल्ता."

काकूंनी घास बंद केला. तवंग निम्म्यावर आला, पण गेला नाही. हे मला छळायला लागलं. पंप बराबर, पाणी बराबर, तूप बंद. मग हे तेल येतंय कुठून? काकू खोटं बोलत असतील असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

मी काकांना कंपनीच्या गेटवर गाठलं. "काका, टँकमध्ये खाद्य सोडून आणखी काही पडतं का?"

काका रस्त्यानं जाणाऱ्या बाइकींकडे बघत राहिले.

"सकाळी मी न् रोहन बरोबरच निघायचो," ते म्हणाले. "चहाला त्याला खारी लागायची. अर्धी माझ्यातली घ्यायचा. आता ती अर्धी... थोडा चुरा टाकतो पाण्यात. मासे येतात ओ वरी."

खारीइतकं तुपट काय असतं! मी तेवढंच सांगितलं, पाण्यावर तेल धरतं म्हणून. मासा कशानं मेला हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. डोळे पुसून म्हणाले, "हिला सांगू नका. ती समजती, मी मासे सांभाळून राह्यलो."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघांपैकी कुणी विचारलं की सांगतो, पंपाचं तोंड फिरलं होतं.

आता पाणी स्वच्छ आहे. मासा एकच आहे, पण खातो-पितो. या धंद्यातलं एक सांगतो. तवंग आला की आधी पंप तपासा, मग घरच्यांना विचारा. आणि विचारायचं ते सगळ्यांना मिळून नाही, एकेकाला बाजूला घेऊन.