डोक्यामागचं तेज

पंचायतीच्या निवडणुकीचे दिवस होते. पार्शात, गावच्या देवळासमोर मी माझा कॅमेरा मांडून बसलो होतो. कॅमेरा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्याला भिंग नाही, सुईने पाडलेलं एक भोक आणि आत फोटोचा कागद.

प्रचाराला निघालेला एक उमेदवार तिथे थांबला. समोर येईल त्याला हात जोडायची त्याला इतकी सवय झाली होती की त्याने माझ्या डब्यालाही हात जोडले.

"माझो एक फोटो काढा," तो म्हणाला.

अशा फोटोला वेळ लागतो, म्हणून मी त्याला न हलता, न बोलता उभं राहायला सांगितलं. न बोलणंच त्याला जड गेलं. सूर्य नेमका त्याच्या डोक्यामागे होता आणि डब्याच्या भोकाच्या कडा खडबडीत. फोटो धुऊन काढला, तर त्यात त्याच्या डोक्याभोवती किरणांचं मोठं वलय उमटलं होतं.

मी ओशाळून म्हटलं, "फोटो बिघडला. हा भोकाचा दोष आहे."

तो फोटोकडे बघतच राहिला. "भोक तुमच्या डब्याचा असात," तो हळूच म्हणाला, "तेज माझा."

आठवड्याभरात तो फोटो मोठा होऊन नाक्यावर लागला. बाजाराला निघालेल्या बायका चपला काढून त्याला नमस्कार करू लागल्या. खुलासा करायला गेलो, तर मलाच नास्तिक ठरवलं.

मग विरोधी उमेदवार घरी आला. "सूर्य डोक्यामागे किती वाजता येता?" त्याने विचारलं. मी वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर गेलो, तर वॉर्डातले सगळे उमेदवार सूर्याकडे पाठ करून, हात जोडून, गप्प उभे होते.