कोणीही बोलावलं तरी जाणारा मुलगा

सारिकाचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटच्या थेरपी सेंटरमध्ये एका मुलीबरोबर ठोकळे लावत बसले होते.

"मॅडम, स्वराज कुटं न्हाई ओ. समदीकडं बगितलं."

स्वराज तिचा मुलगा, चार वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. बोलत नाही, नाव-गाव सांगणं तर दूरच. भरे गावात त्यांचं घर. घराला लागून भाड्याच्या खोल्या, त्यात आसपासच्या कंपन्यांत कामाला आलेली बाहेरगावची मुलं राहतात. अंगणासमोरून डंपर जातात.

मी स्कूटर काढली. वाटेत मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

आमचं काम थोडक्यात असं. मूल लहान असतानाच त्याला एकेक गोष्ट बारीक तुकडे करून शिकवायची. जमलं की लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी द्यायचं, म्हणजे ते पुन्हा करतं. याला रीइन्फोर्समेंट म्हणतात. स्वराज हाक मारली तर वळूनही बघत नसे. अशा रस्त्यावरच्या घरात हे धोक्याचं. म्हणून आमचं पहिलं उद्दिष्ट ठरलं, 'ये'. कोणी 'ये' म्हणून हात पुढे केला की त्याने येऊन तो धरायचा. बदल्यात राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा.

माझ्याकडे यायला लागला. मग आईकडे. पण एकाच माणसाबरोबर जमलेली गोष्ट आम्ही शिकलेली धरत नाही, ती सगळ्यांबरोबर जमावी लागते. हे जनरलायझेशन. मी खोल्यांमधल्या मुलांच्या हातात वड्या दिल्या. दुकानदाराला दिल्या, दूधवाल्याला दिल्या. शिफ्टवरून येणारा जो तो "आजा स्वराज, आजा" करायचा आणि हा धावत जायचा. आमच्या सिनियरनी त्याचा व्हिडिओ ट्रेनिंगमध्ये दाखवला.

सारिका एकदा म्हणाली होती, "मॅडम, आसं कुनीबी बोलावलं तर जाईल की ह्यो."

"अगं, तेच तर हवंय आपल्याला," मी हसून म्हणाले होते.

मी पोचले तोवर पोलीस चौकीतून निरोप आला होता. पाण्याचे जार पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला स्वराज रस्त्याच्या मधोमध दिसला. त्याने "ए बाळा, इकडं ये" म्हणून हात केला. स्वराजने हात धरला तो सोडेचना. टेम्पोवाल्याला वाटलं, पुढच्या साइटवरच्या मजुरांचं मूल असेल. त्याने त्याला शेजारी बसवून तिकडे नेलं. तिथे कोणी ओळखेना, तेव्हा चौकीत आणून दिलं. माणूस भला निघाला. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

"लई गुनी पोरगं," आम्ही त्याला आणायला चौकीत गेलो तेव्हा हवालदार म्हणाले. "ये म्हनलं की येतंय. रडनं न्हाई, काय न्हाई."

घरी आल्यावर सारिकाची सासू सुरू झाली. "पान्याची मोटर लावाया गेलीवती म्हनं. मोटर काय पळून चाललीवती? एक पोरगं संबाळता यीना!"

गणेश, स्वराजचा बाप, शिफ्ट सोडून आला होता. "उद्यापास्नं सेंटर बंद. पोरगं घरात, भायेरनं कडी लावून. हिच्या भरवशावर न्हाई सोडायचं."

सारिकाने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत होतं.

मी म्हणाले, "अशा मुलांवर सतत नजर ठेवावीच लागते."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते सोयीचं होतं.

संध्याकाळी सिनियरनी विचारलं, "तू तिथे काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस."

बऱ्याच आठवड्यांनी सारिका एकटीच सेंटरला आली. बसली नाही.

"मॅडम, घरी करायला काय तरी सांगा. कडी लावली की दारावर डोकं आपटतोय. मला अंगनातबी नेऊ देत न्हाईत त्याला. खोलीवाल्या पोरांना सांगून ठिवलंय, ही त्याला घिऊन निगाली की हाळी द्या म्हनून."

तेव्हा मी सांगितलं. तो कोणाकडेही जातो, कारण मी तसं शिकवलं. नकार द्यायला शिकवायचं मात्र मागे ठेवलं.

"मी इचारलं व्हतं तुमाला."

"हो."

"आन तुमी हसला."

"हो."

"मग हे मला सांगून काय उपेग? मला ठावं व्हतंच. तितं येऊन सांगा, समद्यांम्होरं."

रविवारी गेले. खोल्यांतली मुलं सुट्टीमुळे बाहेर बसली होती. अंगणात उभी राहून आधी मराठीत सांगितलं, मग त्यांच्यासाठी हिंदीत. एकच गोष्ट दोनदा कबूल करणं जड जातं.

"मग तवा त्वांड का न्हाई उघाडलं?" गणेशने विचारलं.

"घाबरले होते. नोकरी जाईल असं वाटलं."

सासू म्हणाली, "आमी हिला इतकं बोललो, आन तुमी समोर बसून चा पीत व्हता."

हेही खरं होतं.

स्वराज पुन्हा सेंटरला येतो. पहिल्या दिवशी सारिका रिसेप्शनवर म्हणाली, "त्या दुसऱ्या मॅडमकडं द्या. ह्यांच्याकडं नको." मी तिथेच उभी होते, फाइल सहकारी बाईंच्या हातात दिली. त्यांनी सुरुवातच 'नको'पासून केली. स्वराजने तळहात पुढे करायचा, आणि समोरच्याने थांबायचं. आधी नकार, मग 'ये'. मीही आता याच क्रमाने शिकवते. हा क्रम मला कोर्समध्ये शिकवलेला होता. मला प्रगती लवकर दाखवायची होती, एवढंच.

कबूल केल्यावर दाराची कडी निघाली. सारिकाने जे ऐकून घेतलं, ते काढायची सोय आमच्या धंद्यात नाही.