मास्तरांचं म्हणून दाखवलेलं आमचं घर

मी पुण्याजवळचं मांजरी गाव सोडलं तेव्हा ऊस तोडणीला आला होता. मला पोचवायला घरातलं कोणी मोकळं नव्हतं, शेवटी वडील, आबाच निघाले. हडपसरपर्यंत आम्ही चालत गेलो. त्यांनी सायकल हातात धरली होती आणि कॅरियरला माझी ट्रंक बांधली होती. पुढे बसनं स्टेशन. फलाटावर गाडी लागली. मग आबांनी विचारलं, "तिकडं नक्की करनार काय तू?"

"मोठ्या माणसांवर माहितीपट काढतात, आबा. गायक, चित्रकार, पुढारी. मी कॅमेऱ्याला मदतनीस."

"आन् ती मोठी मानसं आपली कामं टाकून तुमच्यापुढं बसत्यात व्हय?"

"बसतात."

"मग कशाची मोठी," असं म्हणून त्यांनी ट्रंक आत ढकलली. गाडी हलायच्या आधीच ते वळले, कारण उसाची गाडी भरायची होती.

दिल्लीत मी पस्तीसेक वर्षं नोकरी केली. पहिली दोन वर्षं दिवे उचलले, मग कॅमेरा हातात आला. करोलबागेतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो, एक बिहारचा, एक केरळचा आणि मी. भांडण झालं तर तिघंही आपापल्या भाषेत शिव्या द्यायचो आणि मग हिंदीत मिटवायचो. पुढं मला स्वप्नंही हिंदीत पडायला लागली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. जे मागं राहिले त्यांना सांगूनही पटणार नाही.

आमचे माहितीपट एकाच साच्याचे असत. आधी जन्मघर, मग आई, मग हालअपेष्टा, मग मानसन्मान, आणि शेवटी तो थोर माणूस संध्याकाळी एकटा कुठल्या तरी वाटेनं चालत जातोय. टोपीशिवाय कॅमेऱ्यापुढे न येणारे पुढारी मी पाहिले. नातवाला खोलीबाहेर काढून मगच बालपणाबद्दल बोलणारी एक नर्तकी पाहिली. शेवटच्या दृश्यात सगळे सारखेच चालत. पहिल्या चारपाच वेळा माझे डोळे भरून आले. नंतर मी फक्त उजेड किती राहिलाय तेवढं बघायचो.

मग मास्तरांचं काम आलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर पुढचं सगळं त्यांच्या माथी बसेल. मोठे चित्रकार. तरुणपणी चित्रकला शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तेही आमच्याच मांजरीचे, पण दहाव्या वर्षी गाव सुटलेले. आमचे दिग्दर्शक सिन्हासाहेब खूश झाले. म्हणाले, तुझंच गाव आहे, दोन दिवसांत जन्मघर उरकू.

आम्ही आलो तर मास्तरांचं घर नव्हतंच. रस्ता रुंद झाला त्यात ती सगळी आळी गेली होती आणि तिथे पिठाची गिरणी चालू होती. सिन्हासाहेब गिरणीसमोर उभे राहून माझ्यावर चिडले. परतीची तिकिटं काढलेली होती. नीट काम झालं तर पुढच्या माहितीपटाला मुख्य कॅमेरामन मी, असं त्यांनी गाडीत कबूल केलं होतं. मी म्हणालो, "साहेब, आमचं घर आहे. जुनं आहे, चूलपण आहे."

ते मला कोणी सुचवलं नव्हतं. माझं मीच म्हणालो.

आईला एवढंच सांगितलं की टीव्हीसाठी आपल्या घराचं शूटिंग आहे. तिनं अंगण सारवलं, दारापुढं रांगोळी घातली आणि थोरल्या भावाच्या, दादाच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून बसली. सिन्हासाहेबांनी रांगोळी पुसायला लावली. लुगडं जुनं हवं म्हणाले, आणि बाईंचा चेहरा नको, पाठमोऱ्या बसू देत. आईला हिंदी कळत नव्हती, ते सगळं मी मराठीत तिला सांगितलं. तिनं निमूट लुगडं बदललं. चुलीकडं तोंड करून भाकरी थापताना फक्त एकदा विचारलं, "तोंड दिसलं न्हाई तर लोकांना कळंल कसं, मी हाय त्ये?"

"कळेल," मी म्हणालो.

काम पुरं झाल्यावर मास्तरांना दिल्लीत माहितीपट दाखवला. छोट्या हॉलमध्ये आम्ही पाचसहा जण होतो. चुलीचं दृश्य आलं तसे ते पुढं वाकले. दिवे लागल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मराठीत विचारलं, "ही कोण?"

"माझी आई."

"घर?"

"आमचं."

ते म्हणाले, "मला माझ्या आईचा चेहरा आठवत नाही. पाठ आठवते. म्हणून असू द्या. पण तुमच्या आईला सांगितलंय का, त्या कोण म्हणून दिसणार आहेत ते?"

"नाही."

"सांगा. टीव्हीवर यायच्या आत सांगा."

मी पत्र लिहायला घेतलं आणि टाकून दिलं. सुट्टी नव्हती हे खरं, पण लाजही वाटत होती. टीव्हीवर यायला सहा आठवडे होते.

पुढचं मला दादानं सांगितलं. आमच्या ओट्यावर टीव्ही मांडला होता आणि निम्मी आळी जमली होती. आई पुढं बसली होती, तेच हिरवं लुगडं नेसून. घर दिसलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मराठीतलं निवेदन आलं की थोर चित्रकाराचा जन्म या घरात झाला आणि याच चुलीपुढं त्याच्या आईनं त्याला कोळशानं पहिली रेघ ओढू दिली. टाळ्या थांबल्या. कोणीतरी फिस्सकन हसलं. आबा म्हणाले, "माझ्या घरात आनिक एक पोरगं जल्माला आलं, आन् मलाच पत्ता न्हाई." मग सगळे हसले. आई उठून आत गेली.

मला मुख्य कॅमेरामन केलं. त्यानंतर दीड वर्ष मी गावी गेलो नाही.

गेलो तेव्हा आईनं पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी शेंगा फोडत बसली होती, मी शेजारी बसलो. म्हणालो, "चुकलं माझं."

तिनं हातातली शेंग फोडली आणि म्हणाली, "त्या मास्तरच्या आईचं नाव काय हुतं रं?"

मला माहीत नव्हतं. चाळीस मिनिटांच्या माहितीपटात ते कुठेच नव्हतं. ते विचारावं असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं. दिल्लीला परतल्यावर मी मास्तरांकडे जाऊन विचारलं. त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं, भागीरथी. मी ते घरी कळवलं.

तेव्हापासून आई जिवंत होती तोवर पितृपंधरवड्यात आमच्या घरच्यांबरोबर एक पान भागीरथीच्या नावानं ठेवायची. आबा पहिल्या वर्षी म्हणाले, ही कोन आपली? तर म्हणाली, "मी तिच्या जागी बसले. तिला ठावं तरी हाय का? मग तिचं एवडं तरी करायला नगं?"

मला ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

आई गेली, दोन वर्षांनी आबाही गेले. उसाच्या रानात सोसायट्या उभ्या राहिल्या. घराची आणि मळ्याची जागा बिल्डरला दिली, त्यात दादाला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मी निवृत्त झालो, दिल्लीतच राहिलो. बायको तिकडची, मुलगी तिकडे. इकडे आलो की पाहुणा आणि तिकडे 'मराठी अंकल'. दोन्हीची सवय झाली आहे.

गेल्या वर्षी दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आलो होतो. त्याची नात सायली हिंजवडीला नोकरी करते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसते ती संध्याकाळी डोळे चोळत उतरते. तिनं एकदा मोबाइल पुढं केला. "दिल्लीआजोबा, हे तुम्ही शूट केलंय? अपलोड केलंय कोणीतरी. सोसायटीच्या ग्रुपवर फुल चर्चा चाललीये." मोबाइलवर आईची पाठ होती. चेहरा नको असं मीच आईला सांगितलं होतं, आणि आता शोधायला लागलो तर नव्हता.

चर्चा अशी होती की फिल्ममध्ये दिसणारा मळा हाच, म्हणजे आपली सोसायटी एवढ्या मोठ्या कलावंताच्या जन्मघरावर उभी आहे, तर पाटी लावावी. सेक्रेटरी म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते, ते घरी आले. म्हणाले, "उद्घाटनाला आपणच या. आपण प्रत्यक्ष शूटिंग केलंत."

मी त्यांना सगळं सांगितलं. गिरणी, लुगडं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, पण फिल्ममध्ये तसं आहे ना?"

"ते खोटं आहे. मीच केलेलं आहे."

"असेल. पण आपलं हे म्हणणं कुठे रेकॉर्ड झालंय का?"

"नाही."

"मग कसं करायचं, सांगा बरं. आपण आठ दिवसांनी जाल. आम्हाला इथे राहायचंय." चहा संपवून उठताना म्हणाले, "निदान घर नेमकं कुठे होतं तेवढं दाखवा. पाटी बरोबर जागी लागावी."

मी लेखी निवेदन दिलं. ते त्यांनी फाइलला लावलं, आणि पाटी लागलीच. ती लिफ्टजवळ लागली, तिथे भिंत चांगली होती म्हणून. मी गेलो नाही, दादाही गेला नाही.

पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये उतरलो. दादाला वॉकर होता. तो म्हणाला, चूल इथं हुती, त्या पांढऱ्या गाडीखाली. मी म्हणालो नाही, पाण्याच्या मोटारीजवळ, कारण दारातून ऊन चुलीवर यायचं. तो म्हणाला, ऊन येतच नव्हतं, तुझ्या त्या दिव्यांचा उजेड तू धरून बसलायस. मी पावलं मोजली, त्यानं वॉकरनं मोजली. वीसेक पावलांचा फरक पडला. दमून आम्ही कठड्यावर टेकलो, तर वॉचमन आला. "आजोबा, इथं बसू नका, गाड्या निघत्यात." दादानं एक हात वॉकरवर ठेवला आणि दुसरा मला दिला.

दिल्लीत आता मला कोणी विचारलं की घर कुठलं, तर मी पुणे म्हणतो आणि विषय बदलतो. मांजरीत आम्हाला ओळखणारं फारसं कोणी उरलेलं नाही. त्या घराची चूल कुठे होती यावर माझ्याशी वाद घालू शकेल असा जगात एकच माणूस आहे, त्याला शहात्तरावं लागलंय आणि त्याचा एक गुडघा बदललेला आहे. तो दर रविवारी फोन करतो. आधी माझी साखर विचारतो, मग सायलीच्या बसचं सांगतो. आणि ठेवता ठेवता म्हणतो, "काल परत खाली जाऊन आलो. तुझंच चुकतंय."

मी म्हणतो, "बरं, तू म्हणतोस तसं."

तर त्याला राग येतो. म्हणतो, "असं न्हाई. भांड नीट."

मग मी भांडतो.