आमच्या सरांची पाच भावंडं

आमच्या प्रशिक्षक सरांइतका छळवादी सज्जन उभ्या हैदराबादेत दुसरा झाला नसेल. आपल्या देशातून जीव मुठीत धरून पळून आलेल्या लोकांचे आश्रयाचे अर्ज ऐकणं हे आमच्या कचेरीचं काम, आणि ते न्यायानं कसे ऐकावेत हे आम्हां अधिकाऱ्यांना शिकवणं सरांचं. तेही शनिवारी. कुकटपल्लीहून दोन बस बदलून काचीगुड्याला पोचेपर्यंत माझ्या अंगात न्याय करण्याचं त्राण उरलेलं नसे, आणि सर दारातच शिंप्याची टेप घेऊन उभे असत. ती त्यांनी कोठीच्या बाजारातून खास खुर्च्या मोजायला आणली होती. अर्जदाराची खुर्ची अधिकाऱ्याच्या खुर्चीपेक्षा बोटभर जरी बुटकी निघाली तरी वर्ग सुरू होत नसे. एकदा जोडच जमेना, तेव्हा आम्हां सहाही जणांना त्यांनी दुपारपर्यंत सतरंजीवर बसवलं.

कारण सांगितल्याशिवाय कुणाला 'नाही' म्हणायचं नाही, हा त्यांचा लाडका धडा. कॅन्टीनवाल्यानं इडली संपली म्हटल्यावर सरांनी कारण लेखी मागितलं, वर दाद कुणाकडे मागायची तेही विचारलं. त्या बिचाऱ्यानं वैतागून कागदाच्या चिटोऱ्यावर 'पीठ संपलं, बायकोला भेटा' असं तेलुगूत लिहून दिलं. सर तो चिटोरा वर्षभर आदर्श निकालपत्र म्हणून दाखवत होते. दुभाष्याच्या धड्याला त्यांनी पुण्याहून नुकत्याच आलेल्या सहकाऱ्याला अर्जदार केलं आणि पहारेकऱ्याला दुभाष्या. सहकाऱ्यानं दहा मिनिटं हिंदीत करुण कहाणी सांगितली. पहारेकऱ्यानं ती तेलुगूत एका वाक्यात उरकली: त्रास होता, म्हणून आले. आम्ही हसून लोळलो. सर हसले नाहीत.

त्याच सुमाराला माझ्या टेबलावर एका बाईची फाइल होती. पहिल्या मुलाखतीत तिनं चार मुलं सांगितली होती, दुसरीत तीन. बाई खोटं बोलते, असं ठरवून मी नकार लिहून ठेवला होता. सही तेवढी बाकी होती. नकार म्हणजे जिथून पळून आली तिथंच परत. हे मला कळत नव्हतं असं नाही, पण मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक सापडली की फार बरं वाटतं.

पुढच्या शनिवारी सर स्वतः अर्जदार झाले आणि प्रश्न विचारायची पाळी माझी आली. तुम्ही भावंडं किती, या प्रश्नाला त्यांनी चार सांगितली. पहिल्या दिवशी ओळख करून देताना हेच सर पाच म्हणाले होते, आणि ते माझ्या वहीत होतं. इतक्या शनिवारांचा सूड उगवावा तशी मी दोन्ही उत्तरं वाचून दाखवली.

"हौ, दोन्ही लिहून घेतलीस बेटा," सर म्हणाले. "पण असं का, ते विचारलीस कुठं?"

मग मी विचारलं. धाकटी बहीण तीन वर्षांची असताना तापानं गेली होती.

"आई होती तोवर आम्ही पाचच होतो. कुणी मायेनं पुसलं की अजून पाचच येतं तोंडात. कागद पुढं आला की चार."

सोमवारी मी त्या बाईला पुन्हा बोलावलं आणि दुभाष्याला एकही वाक्य गाळू नका म्हणून बजावलं. आधी चार, मग तीन, असं का, ते या वेळी विचारलं. चौथा मुलगा वाटेत नदी ओलांडताना हातातून सुटला होता. पहिल्या मुलाखतीत तो नाही हे तिला तोंडानं म्हणवलं नव्हतं, एवढंच. मला माझीच लाज वाटली. नकाराचा कागद मी तिच्यासमोरच फाडला आणि अर्ज मंजूर केला.

सर गेल्या थंडीत गेले. आता शनिवारी ती टेप घेऊन मी दारात उभी असते आणि नव्या भरतीची पोरं माझ्या नावानं बोटं मोडतात. चहावाला येऊन किती कप म्हणून विचारतो, आणि माझ्या तोंडून नेहमी एक जास्तच येतो. तो उरलेला कप तो मुकाट्यानं परत नेतो. का, ते त्यानं अजून विचारलेलं नाही.