दुसरीच्या मांडीवर

उत्तरा देवस्थळी मुलुंडच्या पाळणाघराची संचालिका झाली तेव्हा तिची जया जेमतेम सव्वा वर्षाची होती. महिला मंडळाने पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. भांडुपच्या कारखान्यात नाहीतर फोर्टातल्या ऑफिसात जाणाऱ्या बायका सकाळी तिथे पोरं सोडून जात आणि दिवेलागणीला घेऊन जात. उत्तराने बालवाडीचा कोर्स पहिल्या वर्गात केला होता. मंडळाच्या अध्यक्षा कुंदाताई तिला म्हणाल्या की तुझी मुलगीही इथेच सांभाळली जाईल, पगारही मिळेल, आणखी काय हवं. उत्तराला ते पटलं. मुलगी डोळ्यांसमोर राहणार होती.

मुलगी डोळ्यांसमोर राहिली खरी. फक्त ती बसायची रुक्मिणीच्या मांडीवर.

रुक्मिणी तिथली मदतनीस. मूळची कणकवलीकडची, राहायला कांजूरमार्गला. नवरा गुणाजी गिरणीत होता, संपानंतर एका गोदामावर वॉचमन झाला होता. ती अंगाने काटकुळी, आवाज घोगरा, आणि पोरं तिला अशी चिकटायची की गुळाला मुंगळे लागावेत. तिला मूल नव्हतं. ती कुणाला उगाच कुरवाळत नसे, लाडिक बोलत नसे. खाली बसायची, पाय पसरायची, आणि जे मूल रडत असेल ते तिच्या मांडीवर जाऊन आपोआप गप्प व्हायचं. उत्तराने कोर्समध्ये मुलांच्या मनावर एवढं वाचलं होतं, पण तिच्या स्वतःच्या मांडीवर पोरं वळवळत राहायची.

बाकीच्या पोरांचं उत्तराला काही वाटत नव्हतं. तिचं काम होत होतं, बरंच होतं. पण जया पडली, लागलं, भूक लागली, झोप आली की आईला ओलांडून रुक्मिणीकडे जायची. घरी उत्तराच्या नवऱ्याने, नंदकिशोरने, तिला दूध पुढे केलं की मान फिरवून म्हणायची, "माका नको." नंदकिशोर हसून हसून बेजार व्हायचा. टेलिफोन खात्यातल्या मित्रांना सांगायचा की आमच्या देवस्थळींच्या घरात मालवणी जन्माला आली. उत्तरा हसायची नाही. रात्री जया तिच्याजवळ झोपायला कुरकुर करायची आणि म्हणायची, रुक्मी असं नाही थोपटत. उत्तरा मग रुक्मिणीसारखं थोपटून बघायची, पाठीच्या मधोमध, तळहात जरा वाकवून. जया तिचा हात बाजूला सारायची.

त्यानंतर उत्तरा रुक्मिणीच्या चुका शोधायला लागली. चादरींच्या घड्या नीट केल्या नाहीत. पिण्याच्या पाण्यावर झाकण नव्हतं. तेलकट हातांनी बाळाला घेतलं. रुक्मिणी प्रत्येक वेळी "व्हय बाई" म्हणायची आणि सांगितलेलं करायची. तिचं ते निमूट ऐकणंही उत्तराला खुपायचं. उलट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

पाळणाघराला सरकारची मान्यता होती आणि थोडं अनुदानही मिळायचं. म्हणून वर्षातून एकदा समाजकल्याणकडून तपासणी व्हायची. त्या वर्षी, चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, नव्या अधिकारी येणार होत्या, वसुधा मोकाशी म्हणून. फार कडक आहेत, वाकोल्याच्या एका पाळणाघराला त्यांनी टाळं लावायला लावलं, अशी बातमी कुंदाताईंनी आणली. उत्तरा कामाला लागली. भिंतींना रंग दिला. खिडक्यांना जाळी ठोकून घेतली. स्टोव्ह पोरांचा हात पोहोचणार नाही अशा ओट्यावर हलवला. प्रत्येक मुलाचं अंथरूण वेगळं, टॉवेल वेगळा, त्यावर फुलाचं नाहीतर प्राण्याचं चित्र शिवलेलं. लशी टोचल्याची नोंद, महिन्याच्या वजनाची नोंद, सगळं जागच्या जागी. एकच गोष्ट राहिली होती. कर्मचाऱ्यांनी दरवर्षी छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरचा दाखला आणायचा असतो. रुक्मिणीने तो आणला नव्हता.

उत्तराने तिला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा रुक्मिणी म्हणाली की जाईन, रांग मोठी असते, खाडा होतो. आणि उत्तराने फार लावून धरलं नाही. कारण ज्या दिवशी रुक्मिणी येत नसे त्या दिवशी पाळणाघरात नुसता आकांत असायचा. रुक्मिणीला दिवाळीच्या आधीपासून खोकला होता. मिरच्या कुटल्या, थंडी पडली, असं काहीबाही ती सांगायची. उत्तरा तो खोकला रोज ऐकत होती. ऐकून सोडून देत होती.

मोकाशीबाई आल्या त्या साध्या, सुती पातळातल्या, पायात रबरी चपला. टाळं लावणाऱ्या बाई अशा असतील असं कुणाला वाटलं नसतं. त्यांनी मोरी पाहिली, पाण्यात पेला बुडवून वास घेतला, अंथरुणं उलटून पाहिली, पोरांची नखं पाहिली. एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. उत्तराच्या मागे उभ्या असलेल्या कुंदाताई हळूच खूण करत होत्या की जमलं.

दुपारी पोरं झोपायची वेळ झाली. मोकाशीबाई दारात उभं राहून बघत होत्या. रुक्मिणी मधे बसलेली, एक तान्हं मांडीवर, एका हाताने एकाला थोपटते, दुसऱ्याला पायाने हलकं झुलवते. बघता बघता खोली शांत झाली. तेवढ्यात जया, झोपेने डोळे जड झालेली, चालता चालता चटईत अडकली आणि पालथी पडली. उत्तरा तिच्यापासून हातभर अंतरावर होती. ती वाकली, तिने हात पुढे केले. जया उठली, आईच्या हाताखालून वाकून गेली आणि रडत रडत रुक्मिणीच्या कुशीत शिरली.

"ही कुणाची?" मोकाशीबाईंनी विचारलं.

"माझी," उत्तरा म्हणाली.

मोकाशीबाईंना हसू आलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या म्हणाल्या, "ह्या बाईंना जपा हं. पाळणाघर खरं ह्याच चालवतात."

रंग, जाळ्या, टॉवेलवरची चित्रं, महिनाभराची धावपळ, त्याचं नावही निघालं नव्हतं. आणि जया तिकडे रुक्मिणीच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती.

मोकाशीबाई टेबलाशी बसल्या, कागद चाळले, पेनाचं टोपण लावता लावता सहज म्हणाल्या, "कर्मचाऱ्यांचे तब्येतीचे दाखले सगळे आहेत ना?" त्या उठायच्याच बेतात होत्या. येतोय, दोन दिवसांत पाठवते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. उत्तराने तेच म्हणायचं ठरवलेलं होतं.

"रुक्मिणीबाईंचा नाहीये," ती म्हणाली. "आणि त्यांना खोकला आहे. दिवाळीच्या आधीपासून."

बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. कुंदाताईंचा चेहरा उतरला. आतल्या खोलीतून रुक्मिणीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मोकाशीबाई पुन्हा बसल्या. त्यांनी रुक्मिणीला बाहेर बोलावून शांतपणे दोन-चार प्रश्न विचारले. ताप येतो का, रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का. मग म्हणाल्या की एक्स-रे काढून दाखला आणेपर्यंत तुम्ही मुलांच्यात येऊ नका. रुक्मिणीने आत जाऊन झोपलेली जया तशीच उचलून आणून उत्तराच्या हातात दिली, डबा घेतला आणि गेली.

पुढचे दिवस उत्तराने मनातल्या मनात विजयाच्या आनंदात काढले. दुसरी मदतनीस आली, गोंधळ झाला, पोरं रडली, पण निभावलं. जया दाराकडे बघत बसायची. "रुक्मी?" विचारायची. उत्तरा म्हणायची, येईल हं. आणि तिला जवळ घ्यायची, घट्ट, जरा जास्तच घट्ट. सुरुवातीला जया सुटून जायची. मग हळूहळू जाईनाशी झाली. जायला कुणी नव्हतंच.

आठवड्याने बातमी आली. रुक्मिणीच्या छातीच्या एक्स-रेत डाग निघाला. टीबी.

मग पाळणाघरात धावपळ उडाली. सगळ्या पोरांना तपासायचं ठरलं, सगळ्यांच्या हातांवर चाचणीचं इंजेक्शन झालं. बहुतेकांना काही निघालं नाही. जयाचा हात सुजला. डॉक्टर म्हणाले की घाबरू नका, आजार नाही, फक्त संसर्ग पोहोचलाय, काही महिने गोळ्या द्या. उत्तराने ते ऐकलं आणि तिथल्या बाकावर बसली. मांडीवर सगळ्यात जास्त कोण बसत होतं, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिला रुक्मिणीचा राग आला. चांगला कडकडीत, हक्काचा राग. तो चार दिवस टिकला. मग त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर यायला लागलं. खोकला तिने ऐकला होता. काम अडेल म्हणून गप्प बसली होती. आणि बोलली ती पोरांसाठी नव्हे.

पण लोकांना ते कुठे दिसत होतं. पोरांच्या आया येऊन तिचे हात धरायच्या, म्हणायच्या, बाई, तुमच्यामुळे आमची पोरं वाचली. मोकाशीबाईंनी मंडळाला लिहून कळवलं की तुमच्या संचालिका जागरूक आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुंदाताईंनी माइकवरून तिचं कौतुक केलं आणि ओटीत नारळ-ब्लाउजपीस घातला. घरी आल्यावर उत्तराने नारळ ओट्यावर ठेवला आणि नंदकिशोरला सगळं सांगितलं. मोकाशीबाई काय म्हणाल्या, जया हाताखालून कशी गेली, आपण का बोललो.

नंदकिशोरने नारळ उचलून देवापुढे ठेवला. मग म्हणाला, "बोललीस ते बरं झालं. का बोललीस ते आता तुझं तुलाच निस्तरायला लागणार."

फेब्रुवारीत मंडळाने रुक्मिणीला दूध पावडर आणि अंडी पाठवायचं ठरवलं आणि ते न्यायला उत्तरालाच सांगितलं. कांजूरमार्गच्या चाळीत रुक्मिणी दाराबाहेर पोत्यावर बसली होती. उत्तराला पाहून तिने पदर तोंडाशी धरला आणि लांबूनच बसायला सांगितलं. गुणाजीने चहा केला. रुक्मिणी आणखी वाळली होती, पण इंजेक्शनं चालू होती, ताप उतरला होता. ती म्हणाली, "तुमी नसतास तर माजा काय खरा नव्हता बाई. मी काय एक्स-रे काडूक गेलंय नसतंय."

उत्तराने चहाची बशी खाली ठेवली. सांगावं असं तिला वाटलं. पण तेवढ्यात रुक्मिणीने विचारलं, "जया कशी हा? माजी याद काडता?"

आदल्याच दिवशी जयाने नव्या मदतनीसबाईचा हात झटकून "रुक्मी हवी" म्हणून भोकाड पसरलं होतं. उत्तराने चाळीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चादरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही हो. विसरली ती."

रुक्मिणी म्हणाली, बरा झाला. पोरांनी विसराचाच.

परत येताना उत्तराला स्वतःचीच किळस आली. माणूस आजारी पडलंय, मरता मरता वाचलंय, आणि आपल्याला अजूनही त्याचा वाटा द्यायचा नाही. एवढं कळूनही मत्सर जात नव्हता.

रुक्मिणी परत आली ती दिवाळीनंतर, डॉक्टरने मुलांत जायला हरकत नाही असं लिहून दिल्यावर. तिला परत घ्यायला मंडळातल्या काही बायका तयार नव्हत्या. उत्तरा सभेत उभी राहिली आणि म्हणाली की दाखला नसल्यावर बाहेर काढलं, मग दाखला असल्यावर आत घ्यायला हवं, नियम दोन्हीकडून पाळायचा. तिचा आवाज चढला होता. रुक्मिणीला घ्यायचं ठरलं.

जया तोवर तीन वर्षांची झाली होती, गोळ्यांचा कोर्स पुरा झाला होता. रुक्मिणी दारात आली तेव्हा ती उत्तराच्या पातळाआड लपली. आता ती खरोखरच विसरली होती. उत्तराला आनंद झाला. नको असताना, मान खाली घालावी असा आनंद. तिने जयाचा हात धरून तिला पुढे ढकललं, "अगं, रुक्मी," म्हणाली. जया हलली नाही.

रुक्मिणीने तिच्याकडे एकदा पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, वाढली का ते बघावं तसं. मग आतल्या खोलीत एक नवं बाळ किंचाळत होतं तिकडे गेली, खाली बसली, पाय पसरले. बाळ गप्प झालं.

त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर दोघी चादरींच्या घड्या करत होत्या. उत्तरा म्हणाली, "रुक्मिणीबाई, तेव्हा मी खोटं बोलले. जया तुमच्यासाठी रडायची."

रुक्मिणीने चादरीची टोकं जुळवली. "ठावक होता माका," ती म्हणाली. "सांगताना तुमी माज्याकडे बगूक नाय."

दुसरी गोष्ट, तपासणीच्या दिवसाची, उत्तराने तिला कधीच सांगितली नाही. रुक्मिणीने विचारलीही नाही. पुढे दोघींनी बरीच वर्षं एकत्र काम केलं. दर डिसेंबरात उत्तरा स्वतः रुक्मिणीबरोबर एक्स-रेच्या रांगेत जाऊन उभी राहायची. जया शाळेत गेली, मोठी झाली. उत्तराला पुढे मुलगा झाला. तो पाळणाघरात आला आणि महिन्याभरात रुक्मिणीच्या मांडीवर झोपायला लागला. उत्तरा टेबलाशी बसून वजनाच्या नोंदी करायची आणि अधूनमधून तिकडे बघायची. मनात ते जुनं खुपायचं. ती बघत राहायची, आणि मग पुढच्या मुलाला काट्यावर उभं करायची.