मंजुळाबाई आणि डोक्यातली भिंत

चौसाळ्यात आमच्या गल्लीत जन्मलेल्या बहुतेक डोक्यांना पहिला हात लागला तो मंजुळाबाईचा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ती घरोघर जायची. एरवी तिला गप्प करणं देवालाही जमलं नसतं, पण बाळाची टाळू तेलानं भरताना ती बोलायची बंद व्हायची. दोन बोटं टेकवून ठोका बघायची. मग म्हणायची, "हितं हाड न्हाई अजून. देवानं दार उघडं ठेवलंय, ते मी लावून घेते." मी चौथीपर्यंत गेलेली, तिनं शाळा बाहेरूनसुद्धा बघितली नव्हती. तरी तिचं म्हणणं मला कायद्यासारखं वाटायचं.

गावात मोबाईल नुकते येत होते तेव्हाची गोष्ट. माझी लेक मनिषा पहिल्या बाळंतपणाला आली, मुलगी झाली. जावई अजिनाथ आणि त्याची बहीण मुक्ता ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडं गेलेले. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मुक्तानं नाव मनात ठरवलं होतं, पण कुणाला सांगेना. "मी फोनवरूनच सांगते, तुमी फकस्त तिच्या कानाला लावा," असा तिचा निरोप. मनिषाही हटून बसली, नाव आत्याच्याच तोंडून पडलं पाहिजे. पाळण्याशी सासरचं एक माणूस नाही, हे तिला लई लागलं होतं.

गल्लीत फोन एकच, किराणा दुकानवाल्या गुंडप्पांचा. बारशाला ते तो घेऊन आले, आणि मंजुळाबाई पाळण्याला आडवी उभी राहिली.

"अप्पा, परवा तुमीच पेपर वाचून दाखवला ना? फोनच्या लहरींनी मेंदूची भिंत पाझरती म्हणून? ह्या लेकराची तर टाळूबी भरली न्हाई!"

"अगं, ते उंदरांचं होतं."

"मग उंदराला डोकं नसतंय व्हय? तुमच्या दुकानातल्या उंदरांना तुमच्यापरीस जास्त हाय!"

बाया हसल्या. मनिषाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. तिकडं मुक्ता कुणाचा तरी फोन मागून उसाच्या फडात ताटकळलेली.

गुंडप्पांची सून शिवकांता सरकारी दवाखान्यात नर्स. ती पुढं झाली. "काकू, ती भिंत टाळूखाली नसते. मेंदूत केसाहून बारीक रक्ताच्या नळ्या असतात. त्या प्रत्येक नळीला घट्ट अस्तर. ते साखर आत सोडतं, विष बरंचसं बाहेरच अडवतं. टाळू भरो न भरो, हे अस्तर जन्मायच्या आधीच तयार होतं."

मंजुळाबाई खालीच बसली. "परत्येक नळीला? एवढ्याशा डोक्यात?" तिनं बाळाकडं असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतेय. "आन् मी इतकी वरसं समजत होते, दार मीच लावते. ही तर आतनं बांधूनच धाडलीया, माय."

माझ्याही अंगावर काटा आला. मनिषा भाकरी खाऊन आडवी व्हायची, आणि तिच्या पोटात, कुणी गवंडी न बोलावता, एवढं बांधकाम चाललेलं! आमच्या मोरीची भिंत दोनदा बांधून अजून ओल धरते.

"मग फोननं पाझरती का न्हाई, ते सांग," मंजुळाबाई म्हणाली.

"काही शास्त्रज्ञांना उंदरांत पाझर दिसला. दुसऱ्यांनी करून बघितलं, त्यांना दिसला नाही. माणसाचं अजून नक्की कळलेलं नाही. मिनिटभरानं काही होईल असं मला वाटत नाही, पण शपथ घेणार नाही."

शिकलेलं माणूस सरळ 'कळलेलं नाही' म्हणालं, ह्याचंच मला लई अप्रूप.

"मग कळंस्तवर माझ्या कानाला लाव. माझं जुनं डोकं हाय, पाझरून काय पाझरायचं त्यात?"

"पण काकू, आत्याचं तोंड..." मनिषा म्हणाली.

"तोंड तिचंच, बाई. मी नुसती मधली नळी."

तिनं फोन कानाला लावला आणि तोंड बाळाच्या कानाशी नेलं. तिकडून 'कुर्रर्र' आलं, इकडं 'कुर्रर्र' झालं. मग तिकडून नाव आलं. "स्वप्नाली," मंजुळाबाई बाळाच्या कानात म्हणाली. एवढ्या लांबच्या फडातला शब्द म्हातारीच्या डोक्यातून पाळण्यात उतरला.

मग बायांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या वाटणीचे धपाटे मंजुळाबाईच्याच पाठीत घातले. "मेल्यांनो, आत्या तिकडं हाय!" ती ओरडली. मनिषा रडता रडता हसायला लागली.

फोनमध्ये मुक्ताचा हुंदका आला, तो मलासुद्धा ऐकू आला.

"रडती कावून गं?" मंजुळाबाई तिला म्हणाली. "पोरीनं ऐकलं की. आवाज तुझाच हाय. माझ्या डोक्यातनं गाळून दिलाय, येवढंच."