पितळेचा वॉशर

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा बाकूहून आलेला एक फिटर माझ्या जोडीला होता. साहेबांशी तो रशियन बोलायचा. काम करताना पुटपुटायचा ती घरची बोली, तुर्कीच्या जवळची. ती शिकायचा मी हट्ट धरला. जेवणाच्या सुट्टीत तो एक बोल्ट उचलायचा आणि म्हणायचा, हा ‘ये’, म्हणजे येण्याचा मूळ धातू. मग त्यावर प्रत्यय चढवायचा: लोखंडी वॉशर म्हणजे काळ, शेवटचा नट म्हणजे माणूस, मी, तू की तो. नकाराचा वॉशर पितळेचा, वेगळ्या खिशात ठेवलेला. “पहले ‘नहीं’, फिर वक्त, आखिर में आदमी,” तो बजावायचा. एरवी त्याला कुणाला नाही म्हणताना मी पाहिलं नाही. आग्रहानं वाढलेला भातही निमूट संपवायचा.

मायदेशी निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या क्वार्टरमध्ये जेवला. “आमाले भेटाले परत येता ना, भाऊ?” बायकोनं विचारलं.

त्यानं बोल्ट काढला. पितळेचा वॉशर तळहातावर घेऊन उलटसुलट फिरवला. मग तो खिशात टाकून त्यानं लोखंडी चढवला, नट आवळला आणि बोल्ट तिच्या हातात ठेवला.

“काय म्हून राहिले?” तिनं मला विचारलं.

“येईन म्हणते.”

बोल्ट अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. ‘नाही’ तेवढं तो सोबत घेऊन गेला.